यादवी युद्धातली प्रेमपत्रे वाचण्याआधी छावणी वाचावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१-६५) एका सैनिकाच्या प्रेमपत्रांवर लेख आला. विषय उत्तम, भाषाही गोड. पण त्यातला सैनिक रोज रात्री तंबूत एकटा बसून मेणबत्तीच्या उजेडात पत्र लिहितो, सरकारी सेन्सॉर त्या पत्राला कात्री लावतो, आणि मुलीला महिना महिना उत्तर येत नाही ते म्हणे 'पुरुषाच्या अबोल स्वभावामुळे'. पहिली गोष्ट शिध्याच्या हिशेबात बसत नाही. दुसरीला आधार नाही, कारण सैनिकांची घरी जाणारी पत्रे सरसकट उघडून तपासण्याची यंत्रणा त्या युद्धात दोन्हीकडे नव्हती. आणि तिसरीमागे स्वभावापेक्षा रस्ता, तिकीट, थकलेला पगार किंवा हगवण यांचाच हात बहुधा असे. आम्ही काही वाचक त्या काळच्या टपालाचा आणि छावणीच्या व्यवस्थेचा अभ्यास करतो, म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण थोडक्यात सांगण्यासारखा हा विषय नाही.

मेणबत्तीचे आधी बघू. उत्तरेच्या फौजेत भाकरी-मांस माणशी ठरलेले असे आणि किरकोळ वस्तू शंभर शिध्यांमागे मोजल्या जात. शंभर शिध्यांना मेणबत्त्या सव्वा पौंड, म्हणजे २० औंस. एका शिपायाच्या वाट्याला दिवसाला औंसाचा पाचवा हिस्सा आला. पौंडात सहा बसतील अशी मेणबत्ती धरली, तर एकट्याला एक मेणबत्ती तेरा दिवसांनी मिळणार. त्यामुळे तंबूतले सगळे आपापला वाटा एकत्र करत. त्याच एका उजेडात कोणी पत्ते पिसतो आहे, कोणी सदऱ्याच्या शिवणीतल्या उवा टिपतो आहे आणि कोपऱ्यात एकजण 'प्रिय' या शब्दापुढे काय लिहावे याचा विचार करतो आहे, असा तो देखावा. मेणबत्तीदाणी म्हणजे संगीन. तिचे टोक जमिनीत खुपसले की बंदुकीच्या नळीवर बसणारी पोकळ बाजू वर येते, तीत मेणबत्ती नीट बसते. दिवे मालवण्याचा बिगूल झाल्यावर उजेड ठेवणे हा गुन्हा. म्हणून बरीचशी पत्रे दिवसाच लिहिली जात, दुपारचे जेवण आणि कवायत यांच्यामधल्या वेळात किंवा रविवारी तपासणी आटोपल्यावर.

जाता जाता, लेखातला सैनिक १८६१ च्या हिवाळ्यात 'टॅप्स'ची, म्हणजे निजेच्या बिगुलाची, धून ऐकत झोपतो. ती धून जुलै १८६२ मध्ये व्हर्जिनियातील हॅरिसन्स लँडिंगच्या छावणीत जनरल डॅनियल बटरफील्ड यांनी ऑलिव्हर नॉर्टन या बिगूलवाल्याकडून बसवून घेतली. तोवर निजेचा बिगूल वेगळा होता.

'तंबूत एकटा' हेही तसेच. युद्धाच्या सुरुवातीला शंकूच्या आकाराचा सिब्ली तंबू सर्रास होता. व्यास १८ फूट, उंची १२ फूट, मध्ये एकच खांब. डझनभर माणसे त्यात खांबाकडे पाय करून, चाकाच्या आऱ्यांसारखी झोपत, आणि अनेकदा डझनाहून जास्त. पावसाळी हवेत झडपा बंद केल्या की आतल्या वासाचे वर्णन कुठल्याही प्रेमपत्रात सापडणार नाही. हे अवजड तंबू वाहायला गाड्या पुरेनात, तेव्हा १८६२ पासून प्रत्येकाच्या पाठीवर अर्धा तंबू आला: एक सुती कापड, कडेला गुंड्या आणि काजी. दोघांनी आपापली कापडे गुंडीने जोडायची, संगीन लावलेल्या दोन बंदुका जमिनीत उलट्या रोवून त्यांच्यावर दोरी ताणायची आणि कापड टाकायचे. दोन्ही टोके उघडी. त्यात नीट बसताही येत नाही, मग लिहिणे दूरच. मोहिमेवरची पत्रे म्हणूनच मांडीवर, नगाऱ्यावर किंवा काडतूसपेटीच्या झाकणावर शिसपेन्सिलीने लिहिलेली असतात. अक्षर वेडेवाकडे दिसले की आपले लेखक 'भावनेने थरथरणारा हात' म्हणतात. आधी टेबल होते का ते पाहावे.

टेबल मिळे ते हिवाळ्यात. डिसेंबर ते एप्रिल फौजा सहसा एके ठिकाणी थांबत. १८६२-६३ चा हिवाळा उत्तरेच्या पोटोमॅक फौजेने रॅपहॅनॉक नदीकाठी फाल्मथला काढला, पुढचा ब्रँडी स्टेशनच्या परिसरात. चौघांनी मिळून ओंडक्यांची झोपडी बांधायची. भिंती चार-पाच फूट उंच, ओंडक्यांमधल्या फटी चिखलाने लिंपलेल्या आणि छपराला तीच गुंड्यांची तंबूकापडे. एका टोकाला चूल. तिचे धुराडे काटक्या-चिखलाचे किंवा तळ काढलेली पिंपे एकावर एक रचून केलेले. चिखल वाळून गळला की काटक्या आणि पिंपे पेट घेत, आणि धुराडे जळणे ही छावणीतली नेहमीची करमणूक असे. ओली लाकडे जाळल्यामुळे धूर आतच कोंडे. पत्रांत 'डोळ्यांत पाणी आहे' असे दिसले तर त्याचे श्रेय निदान अर्धे चुलीला द्यावे. कडक बिस्किटांची ५० पौंडांची लाकडी पेटी रिकामी झाली की तिचे टेबल, कपाट किंवा दाराची फळी होई. लांब, शाईने लिहिलेली, विचार करून ओळी मांडलेली पत्रे या झोपड्यांतली आहेत. पत्रावरची तारीख पाहिली की निम्मे कोडे सुटते. जानेवारीचे पत्र आठ पानी आणि मेचे आठ ओळींचे असेल, तर प्रेम आटले असे नव्हे, मोहीम सुरू झाली.

शिध्याबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि पत्रांत तर तो पानोपानी आहे. नियमानुसार दिवसाला १२ औंस डुकराचे मांस किंवा २० औंस गोमांस, आणि २२ औंस पाव किंवा पीठ, नाहीतर एक पौंड कडक बिस्किटे. शंभर शिध्यांमागे ८ पौंड भाजलेली दळलेली कॉफी आणि १५ पौंड साखर. बिस्किट साधारण तीन इंच लांब-रुंद आणि जवळजवळ अर्धा इंच जाड, पीठ आणि पाण्याचे. दातांनी तुटत नसे. बंदुकीच्या दस्त्याने फोडून गरम कॉफीत टाकायचे, टोके, म्हणजे पिठातले किडे, वर तरंगले की चमच्याने काढून टाकायचे आणि प्यायचे. ते चवीला लागत नाहीत, असा अनुभवी लोकांचा निर्वाळा. गार पाण्यात भिजवून डुकराच्या चरबीत तळले तर पदार्थ बरा होई, पण पोटाला जड. कॉफी वाटण्याची रीत मोठी शहाणपणाची होती. सार्जंट रबरी कांबळ्यावर माणसांइतक्या ढिगल्या मांडे. सगळ्या सारख्या दिसायला हव्यात, कारण शंभर डोळे बघत असत. मग एकजण पाठ फिरवून उभा राही, दुसरा एका ढिगलीवर बोट ठेवून 'ही कोणाची?' विचारी आणि पाठमोरा माणूस नाव पुकारे. तक्रारीला जागाच नाही. शिपाई कॉफी आणि साखर लगेच एकाच कापडी पिशवीत मिसळून टाकी, म्हणजे साखर पावसात विरघळली तरी कॉफीबरोबर राही.

हे खाणे, उघड्या चरांचे शौचकूप आणि त्यांच्या उताराला असलेला पाण्याचा झरा, या तिघांनी गोळ्यांपेक्षा जास्त माणसे नेली. त्या युद्धातले ढोबळमानाने दोन तृतीयांश मृत्यू आजाराचे आहेत: हगवण, विषमज्वर, गोवर, हिवताप. खेड्यातली मुले पहिल्यांदाच हजारोंच्या गर्दीत आली आणि लहानपणी न झालेला गोवर त्यांना विशीत गाठू लागला. प्रेमपत्रात मात्र हगवण येत नाही. त्या काळच्या पत्राची ठरीव सुरुवात 'मी खुशाल आहे, या चार ओळी पोचतील तेव्हा आपणही खुशाल असाल अशी आशा' अशी असे. ती नुसती शिष्टाचाराची ओळ समजून लोक पुढे जातात, पण मुलगी आधी तीच शोधत असणार. भावाला किंवा बापाला त्याच दिवशी लिहिलेले पत्र हाती लागले तर ताडून पाहावे. तिथे पोटाची सगळी हकीकत असते.

आता टपालाचा रस्ता. आमच्या मते या प्रेमकथांचा खरा नायक तोच आहे.

कागद, पाकिटे आणि शाई शिपायाला सरकार देत नसे. ती छावणीतल्या परवानाधारक दुकानदाराकडून चढ्या भावाने घ्यायची किंवा घरून मागवायची. ख्रिश्चन कमिशनसारख्या संस्था छावण्यांत आणि इस्पितळांत कागद-पाकिटे फुकट वाटत, म्हणून कित्येक पत्रांच्या माथ्यावर त्यांचे छापील नाव दिसते. त्यावरून शिपाई फार धार्मिक होता असा निष्कर्ष काढू नये. झेंडे, गरुड, तोफा छापलेली रंगीत देशभक्तीपर पाकिटे सुरुवातीच्या वर्षांत फार खपली. पत्राला अर्ध्या औंसापर्यंत तीन सेंटचे तिकीट लागे. अर्धा औंस म्हणजे घडी घातलेला एखाददुसरा कागद आणि पाकीट. त्यात केसांची बट चालून जाई, पण पुठ्ठ्यावरचा फोटो घातला की दर सहज दुप्पट. कागद आणि वजन वाचवण्यासाठी पान भरले की ते आडवे फिरवून पहिल्या ओळींवरूनच काटकोनात दुसऱ्या ओळी लिहीत. अशी पत्रे वाचताना कागद किंचित तिरपा धरावा, एका दिशेच्या ओळी मागे पडतात.

साध्या शिपायाचा पगार सुरुवातीला महिना ११ डॉलर, ऑगस्ट १८६१ पासून १३, आणि जून १८६४ च्या कायद्याने १६. कृष्णवर्णीय शिपायांना १० डॉलर आणि त्यातूनही ३ कपड्यांचे कापून; बरोबरीचा पगार १८६४ च्या कायद्याने मिळाला. पगार दर दोन महिन्यांनी व्हायचा असा नियम, पण चार-चार, सहा-सहा महिने खजिनदाराचा पत्ता नसे. त्यात १८६२ च्या उन्हाळ्यात नाणी बाजारातून गायब झाली. लोकांनी चांदी दडपून ठेवली आणि १७ जुलैच्या कायद्याने टपाल तिकिटेच सुट्या पैशांसारखी वापरायला परवानगी मिळाली. मागे डिंक लावलेले तिकीट घामेजल्या खिशात ठेवले की काय होते ते सांगायला नको. तिकिटांचा एकच गोळा होई. पुढे तिकिटांची चित्रे असलेल्या छोट्या नोटा निघाल्या तेव्हा हा ताप कमी झाला. त्या उन्हाळ्यातली पत्रे अचानक विरळ झालेली दिसली तर हेही एक कारण मनात ठेवावे. घरच्यांना 'तिकिटे पाठवा' असे लिहिलेले तर जवळजवळ प्रत्येक संग्रहात आढळते.

तिकीट नसले तरी वाट होती. जुलै १८६१ च्या कायद्याने पाकिटावर 'सैनिकाचे पत्र' असे लिहून, रेजिमेंटचे नाव घालून, अधिकाऱ्याची सही घेतली की पत्र बिनतिकिटाचे जाई आणि तीन सेंट घेणाऱ्याकडून वसूल होत. दंड नाही, एकेरीच दर. सवलत साध्या शिपायांना होती, अधिकाऱ्यांना नाही. आईबापांना असे पत्र पाठवायला संकोच नव्हता. पण जिच्याशी अजून काहीच ठरलेले नाही, तिच्या हातून टपालाचे पैसे घ्यायचे हे कुठल्याही तरुणाला कसे वाटणार? एकाच शिपायाच्या संग्रहात घरची पाकिटे बिनतिकिटाची आणि मुलीची तिकिटाची दिसली, तर अभ्यासकाने तिथे थांबावे. पत्र न उघडताच बरेच कळते.

उलट दिशेचे पत्र पोचायचे तर पत्ता नेमका हवा: नाव, कंपनीचे अक्षर, रेजिमेंटचा आकडा आणि राज्य, डिव्हिजन किंवा कोअर (फौजेचे मोठे विभाग), आणि खाली वॉशिंग्टन. फौज कुठे आहे ते लिहायचेच नाही. वॉशिंग्टनच्या टपाल कचेरीत पत्रे रेजिमेंटनुसार लावून फौजेच्या मागे धाडली जात, आणि रेजिमेंटमध्ये ती पाद्री किंवा त्या कामावर नेमलेला शिपाई वाटे. नवख्या मुली गावाचे नाव लिहून मोकळ्या होत, आणि पत्र पोचेपर्यंत फौज चाळीस मैल पुढे गेलेली असे. कंपनीचे अक्षर राहिले तर हजाराच्या रेजिमेंटमध्ये एकाच नावाचे दोघे-तिघे निघत. शिपाई इस्पितळात हलवला गेला तर पत्र त्याच्या मागे इस्पितळ, तिथून दुसरे इस्पितळ असे फिरे आणि मालक न सापडल्यास वॉशिंग्टनच्या 'मृत पत्र' कचेरीत जाई. तिथे ते उघडून पाठवणाऱ्याकडे परत करत, पण त्यासाठी आत पूर्ण नाव-पत्ता हवा. मुलीने लाजून खाली नुसते 'तुमची एम.' असे लिहिले असेल, तर परत तरी कोणाकडे पाठवणार?

छावणी स्थिर असताना पूर्वेकडच्या राज्यांतली पत्रे काही दिवसांत पोचत, महिने लागत नसत. खंड पडे तो मोहिमेत. उत्तरेचे जनरल शर्मन यांची साठ हजारांची फौज १५ नोव्हेंबर १८६४ रोजी अटलांटाहून निघाली ती तारा आणि रेल्वे मागे तोडून. जवळजवळ महिनाभर ना पत्र गेले ना आले. १३ डिसेंबरला सव्हानाजवळचा फोर्ट मॅकअलिस्टर पडला, समुद्राचा रस्ता खुला झाला आणि लष्करी टपालाचे प्रमुख ॲब्सलम मार्कलँड पत्रांच्या थैल्या जहाजातून घेऊन आले. त्या महिन्यात घरच्या मुलींनी काय काय कल्पिले ते नंतरच्या पत्रांतल्या समजुतींवरून ओळखता येते. एकदम आठ पत्रे हाती आली की शिपाई ती तारखेप्रमाणे लावून वाची आणि उत्तर शेवटच्याला देई. आधीच्या रुसव्यांना उत्तर राहूनच जाई. पुष्कळ गैरसमज इथले आहेत.

मुलीच्या बाजूलाही अडचणी होत्याच. घरपोच टपाल १ जुलै १८६३ ला सुरू झाले, तेही मोजक्या मोठ्या शहरांत. खेड्यापाड्यांत पत्र आणायला टपालाच्या खिडकीवर जावे लागे. कोणाचे पत्र कोणाला येते ते सगळ्या गावाला कळे आणि बापाला सर्वांत आधी. जॉर्ज कस्टर आणि एलिझाबेथ बेकन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. मिशिगनमधल्या मनरो गावचे न्यायाधीश बेकन यांना हा तरुण अधिकारी जावई म्हणून पसंत नव्हता आणि मुलीला त्याच्याशी पत्रव्यवहाराची मनाई होती. कस्टरने पत्रे लिहिली ती तिची मैत्रीण नेटी हम्फ्री हिच्या नावाने. नेटी ती एलिझाबेथला वाचून दाखवी आणि तिचे मनोगत आपल्या अक्षरात कळवी. दिलेला शब्द मोडला नाही आणि काम तर झाले! १८६३ च्या उन्हाळ्यात कस्टर तेविसाव्या वर्षी ब्रिगेडियर जनरल झाला, न्यायाधीशांचा विरोध मावळला आणि ९ फेब्रुवारी १८६४ ला लग्न झाले. तारीख हिवाळ्यातली आहे हे लक्षात घ्यावे. लग्ने रजेत होत आणि रजा हिवाळ्यात मिळे. १८६३ च्या आरंभी जनरल हूकरने पोटोमॅक फौजेची घडी बसवताना शिपायांना शंभरामागे दोघांना, तेही थोड्याच दिवसांची रजा सुरू केली. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तीन वर्षांसाठी भरती होणाऱ्या जुन्या शिपायांना बक्षीस रकमेबरोबर ३० दिवसांची रजा मिळाली. कित्येकांनी पुन्हा सही का केली याचे उत्तर देशभक्तीत जेवढे आहे तेवढेच त्या ३० दिवसांत.

ज्यांची गावात कोणी नव्हती ते वर्तमानपत्रांत जाहिरात देत: तरुण सैनिक, सुशिक्षित, करमणुकीसाठी आणि जमल्यास पुढच्या विचाराने तरुणींशी पत्रव्यवहार इच्छितो. नावे बहुधा खोटी. आलेली उत्तरे तंबूत मोठ्याने वाचली जात आणि एकाच मुलीला तिघे मिळून उत्तर लिहीत. अशा पत्रातले शब्द कितीही भरजरी असले तरी त्यावरून 'त्या काळचे प्रेम' ठरवू नये.

फोटोची गोष्ट आपल्या छायाचित्रामुळे काढावी लागते. लेखासोबत एका सैनिकाचे चित्र आहे आणि खाली 'डावखुरा' असे लिहिले आहे. ते लोखंडी पत्र्यावरचे टिनटाइप दिसते. यात प्रतिमा थेट पत्र्यावरच उमटते, त्यामुळे आरशासारखी उजवी-डावी उलटते. स्प्रिंगफील्ड बंदुकीचा घोडा उजव्या अंगाला असतो, आपल्या चित्रात तो डावीकडे आहे. कोटाची डावी बाजू उजवीवर यायला हवी, इथे उलट आहे. कमरपट्ट्यावरची 'यू. एस.' अक्षरेही उलटी. माणूस उजव्या हाताचाच होता. छायाचित्रकार फौजेबरोबर तंबू टाकून असत. काच किंवा पत्र्यावर कोलोडियन हा चिकट द्रव ओतून, रौप्यक्षारात बुडवून, ओले असतानाच काही मिनिटांत फोटो घ्यायचा आणि धुवायचा. वाळले की संपले. काही सेकंद स्थिर राहावे लागे, म्हणून मानेमागे लोखंडी टेकू. हे रसायन निळ्या रंगाला फार संवेदनशील आणि लाल-पिवळ्याला मठ्ठ. निळ्या डोळ्यांची बुबुळे पांढरट येतात आणि माणूस भेदरलेला वाटतो. 'मृत्यूची चाहूल लागलेले डोळे' ही आपली ओळ त्या रसायनाला उद्देशून आहे. मुलीला पाठवायला सोयीचा तो कागदी फोटो, अडीच इंच बाय चार इंच पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कारण तो पाकिटात मावे आणि फुटत नसे. मागे महसुलाचे तिकीट असेल तर तो सप्टेंबर १८६४ ते जुलै १८६६ यांदरम्यान विकला गेला, कारण फोटोंवरचा कर तेवढाच काळ होता.

दक्षिणेत, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांत, हे सगळे आणखी बिकट. जॉन रेगन यांच्या हाताखाली १ जून १८६१ पासून त्यांचे स्वतंत्र टपाल खाते सुरू झाले. दर आधी पाचशे मैलांपर्यंत पाच सेंट आणि त्यापुढे दहा, जुलै १८६२ पासून सरसकट दहा. नाकेबंदीमुळे कागद आटला. आलेले पाकीट उकलून, उलटे करून, पुन्हा चिकटवून वापरीत. एकाच पाकिटावर आत-बाहेर दोन पत्ते आणि दोन तिकिटे सापडतात. भिंतीच्या रंगीत कागदाचीही पाकिटे झाली. १८६३ मध्ये मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात गेल्यावर टेक्सासच्या शिपायाला घरचे पत्र म्हणजे ४० सेंटचे जोखमीचे टपाल किंवा रजेवर निघालेल्या सोबत्याचा खिसा.

लेखातला सेन्सॉर खरा भेटतो तो युद्धकैद्यांच्या पत्रांत. पांढऱ्या निशाणाखाली दोन्ही बाजूंचे अधिकारी थैल्या बदलत. पत्र एकाच पानाचे, उघडे, केवळ घरगुती मजकुराचे आणि दोन्हीकडचे टपाल भरलेले. तिऱ्हाईत वाचणार हे माहीत असल्याने तिथले प्रेम फार आखडलेले असते. 'तपासले' असा शिक्का पाहून मगच त्या भाषेचा अर्थ लावावा.

शेवटी, काय टिकले याबद्दल. शिपायाने लिहिलेली पत्रे घरी पेटीत राहिली. मुलींची पत्रे त्याच्या पाठपिशवीत ओझे होत, लढाईआधी ती मुद्दाम जाळली जात, कारण प्रेताचे खिसे कोण तपासील याचा नेम नव्हता. म्हणून आपल्याला संवादाची एकच बाजू ऐकू येते आणि 'ती गप्प होती' असे वाटते. छापील पत्रांबाबतही सावध असावे. दक्षिणेचे जनरल पिकेट यांची प्रेमपत्रे त्यांच्या पत्नीने १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातला बराच मजकूर तिनेच नंतर रचला असावा असे इतिहासकार मानतात, कारण लढाईचे तपशील १८७० मध्ये छापलेल्या पुस्तकाशी जुळतात. विश्वासार्ह संग्रह हवा असेल तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहावीत. १८६२ च्या कायद्याने साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळत, तिच्या अभावी त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईलाही. लग्नाचा किंवा पैसे पाठवल्याचा पुरावा म्हणून त्यांनी मूळ पत्रे अर्जाला जोडली आणि ती तिथेच राहिली. वाग्दत्त वधूला मात्र या कायद्यात जागा नव्हती. तिला अर्ज करता येत नव्हता, म्हणून तिची पत्रेही त्या कागदांत क्वचितच दिसतात.

लेखमालेचे पुढचे भाग येणार आहेत असे कळते. प्रत्येक पत्राखाली तारीख, ठिकाण आणि रेजिमेंट द्यावे, शक्य असल्यास पाकिटाच्या दोन्ही बाजू छापाव्यात, आणि टिनटाइप सरळ करून छापले असल्यास तसे खाली नमूद करावे. 'डावखुरा' ही ओळ मात्र पुढच्याच अंकात दुरुस्त व्हावी, ही विनंती.

आपले,
टपाल-इतिहासाचे काही अभ्यासक वाचक